लॉजपोल नको, इथलाच पाइन लावूया : हायलँड्समधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या बैठकीत हात वर करून मतं घेतली, तेव्हा मी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. चहा झाला, सगळे आपापल्या गाड्यांत बसून गेले. घरी आल्यावर मात्र मला झोप लागेना. सोळा वर्षं मी इन्व्हरनेसजवळच्या एका रोपवाटिकेत पाइनची, म्हणजे सुईसारख्या पानांच्या सदाहरित झाडांची, रोपं वाढवते आहे. त्या खोलीत या विषयावर बोलायला हवं होतं ते मीच, आणि मीच गप्प बसले. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण स्कॉटलंडमध्ये इतरत्र राहणारी मराठी कुटुंबंही कधी ना कधी असंच काही लावायला निघतील आणि त्यांनाही हाच प्रश्न पडेल.

ठरलं ते थोडक्यात सांगते. स्ट्रॅथस्पेमधल्या ओळखीच्या शेतकऱ्याने डोंगरउतारावरची दोन एकर जागा आपल्याला देऊ केली आहे. बाराशे रोपं लावायची, मुलांच्या आणि गावाकडच्या आजी-आजोबांच्या नावाने. इथवर सगळं मनासारखं झालं. मग झाड कोणतं, यावर बोलणं आलं आणि कुणीतरी फोनवर दोन फोटो दाखवले. एकात दहा वर्षांचा लॉजपोल पाइन, माणसाच्या दुपटीहून उंच. दुसऱ्यात त्याच वयाचा स्कॉट्स पाइन, म्हणजे इथलाच मूळचा, जेमतेम डोक्याच्या वर. काका म्हणाले, “मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. मला बघायला मिळेल असं झाड लावा.” त्यानंतर कोण काय बोलणार? लॉजपोल ठरला.

काका, तुमचं म्हणणं मी विसरलेले नाही. शेवटी त्याच्याकडे येणारच आहे.

आधी लॉजपोलची खरी बाजू सांगते, कारण तो जोमाने वाढतो यात खोटं काही नाही. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून रॉकी पर्वतापर्यंत पसरलेलं आहे. इथे ते एकोणिसाव्या शतकात आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर वनखात्याने ते डोंगरोडोंगरी लावलं. कारण साधं होतं. स्कॉटलंडच्या ओल्या, काळ्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या दलदलीच्या मातीत, जिथे मुळांना श्वास घ्यायला हवा मिळत नाही, तिथेही लॉजपोलची मुळं खोल उतरतात. त्या मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात. खतही त्याला कमी पुरतं. अशा जागी स्कॉट्स पाइन कुढत बसतो आणि लॉजपोल वर जातो. स्वीडनमध्ये तर १९७०च्या दशकापासून त्याची प्रचंड लागवड झाली, कारण तिथल्या स्कॉट्स पाइनपेक्षा तो सुमारे एक तृतीयांश जास्त लाकूड देतो. तेव्हा फोटो खोटे नव्हते. ते फक्त दहाव्या वर्षाचे होते.

पुढचं सांगते. १९७६ साली उत्तरेकडे, सदरलँडमध्ये, लॉजपोलची लागवड अचानक तपकिरी पडायला लागली. कारण निघालं ‘पाइन ब्यूटी’ नावाचा एक पतंग. हा पतंग बाहेरचा नाही, तो इथलाच. स्कॉट्स पाइनवर तो पिढ्यानपिढ्या राहत आला आहे आणि ब्रिटनमध्ये त्याने स्कॉट्स पाइनचं रान उजाड केलं असं होत नाही. पण लॉजपोलच्या लागवडीत त्याला रान मोकळं मिळालं. वसंतात पतंग अंडी घालतात, मे ते जुलै अळ्या सुया कुरतडतात आणि मग जमिनीत कोष करून हिवाळा काढतात. संख्या वाढली की एका उन्हाळ्यात आख्खी झाडं बोडकी होतात. पाइनला साग-पळसासारखी दरवर्षी नवी पालवी फुटत नाही. त्याच्या सुया दोन-तीन वर्षं टिकतात आणि त्याचं सगळं अन्न त्यांच्यात असतं. त्या गेल्या की झाड मरतं. शेकडो हेक्टर झाडं अशी गेली आणि विमानातून कीटकनाशक फवारायची वेळ आली. फवारणीनंतरही अशा साथी पुन्हा पुन्हा आल्या.

संशोधकांनी नंतर दोन्ही झाडांवर या अळ्या ठेवून पाहिल्या. लॉजपोलची पानं अळ्यांना अधिक गोड लागतात, असं काही उत्तर त्यातून निघालं नाही. स्कॉट्स पाइनच्या रानात या अळीला खाणारे आणि तिच्या अंगात अंडी घालणारे शत्रू पुरेसे असतात, लॉजपोलच्या लागवडीत ते तितके नसतात, हेच मुख्य कारण दिसतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. झाड काटक आहे का हे आपण एकट्या झाडाकडे बघून ठरवतो. पण स्कॉट्स पाइनचा निम्मा काटकपणा त्याच्या आजूबाजूला राहतो, मुंग्यांत, कोळ्यांत, गांधीलमाश्यांत, पाखरांत. लॉजपोलबरोबर आपण त्याचं बी आणलं. त्याचा गाव आणला नाही.

दुसरं संकट बुरशीचं. डोथिस्ट्रोमा नावाची बुरशी पाइनच्या सुयांवर लाल पट्टे पाडते. जुन्या सुया गळतात आणि फांदीच्या टोकाला फक्त या वर्षीचा झुपका उरतो, सिंहाच्या शेपटीसारखा. अशी काही वर्षं सलग गेली की झाडाची वाढ थांबते, पुढे झाड मरतं. १९९०च्या दशकाच्या शेवटापासून ही साथ ब्रिटनभर वाढली. उबदार, ओला वसंत तिला मानवतो आणि तसे वसंत आता वारंवार येतात. सर्वांत जास्त मार बसला तो कॉर्सिकन पाइनला. बैठकीत दुसरा पर्याय म्हणून ज्याचं नाव निघालं, तोच हा. दक्षिणेकडच्या कोरड्या, वालुकामय जमिनीत कॉर्सिकन पाइन खरोखर स्कॉट्स पाइनच्या पुढे जातो. स्कॉट्स पाइन हेक्टरी वर्षाला ४ ते १४ घनमीटर लाकूड देतो, तर कॉर्सिकन पाइन ६ ते २०. तरीही या बुरशीमुळे वनखात्याला २००७च्या सुमाराला स्वतःच्या जमिनीवर त्याची नवी लागवड थांबवावी लागली. शिवाय आपल्याकडच्या उंचीवर, थंड उन्हाळ्यात, त्याचे शेंडेच वाळतात. तेव्हा तो आपल्या यादीतून असाही बाद आहे.

स्कॉटलंडमध्ये याच बुरशीने लॉजपोलची रानंच्या रानं लाल केली. स्कॉट्स पाइनलाही ती लागते. मी काही लपवत नाही, जुन्या नैसर्गिक पाइनवनांतही ती सापडली आहे. पण सहसा तो तग धरतो. चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. या बुरशीच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा तिचे निरनिराळे वंश दिसले. एक इथल्या स्कॉट्स पाइनबरोबर जुना राहत आलेला, आणि एक लॉजपोलवर राहणारा, जो बहुधा त्याच्याबरोबरच अमेरिकेतून आला. असे दोन वंश शेजारी शेजारी आले, त्यांचा संकर झाला, तर पुढे काय होईल? म्हणजे आपण लॉजपोल लावला तर जोखीम आपल्या दोन एकरांपुरती राहत नाही. आपल्या उतारावरून समोर जे जुनं पाइनवन दिसतं, ते वाऱ्याच्या वाटेत आहे.

त्या जुन्या वनाबद्दल दोन वाक्यं, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते केवळ फिरायची जागा म्हणून माहीत आहे. बर्फयुग संपल्यावर स्वतःहून इथे आलेल्या पाइनांची सलग वंशावळ आज स्कॉटलंडमध्ये फक्त ८४ ठिकाणी उरली आहे, सगळी मिळून सुमारे १८,००० हेक्टर. आपल्या चाळीसेक गावांच्या शिवाराएवढी जागा म्हणा. ब्रिटनमध्ये सूचिपर्णी झाडं आहेत पुष्कळ, पण मूळची तीनच : यू, जुनिपर आणि हा पाइन. २०१४ साली त्याला स्कॉटलंडचं राष्ट्रीय झाड म्हणून मान मिळाला. साधारण तीनशे वर्षं तो सहज जगतो, आणि पाचशेच्या पुढची काही झाडं अजून उभी आहेत. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या आधीपासून जे झाड हायलँडचा वारा खात उभं आहे, त्याला मंद म्हणताना मला संकोच वाटतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. रोपवाटिकेच्या मागच्या कुंपणालगत २०१० साली, शिल्लक राहिलेल्या रोपांच्या मी दोन ओळी लावल्या होत्या. वीस स्कॉट्स पाइन, वीस लॉजपोल. सहाव्या वर्षी मलाही लॉजपोलचंच कौतुक होतं. माझी मुलगी त्याच्याशी उंची मोजायची आणि दरवर्षी हरायची. मग एका मार्चमध्ये ओला, जड बर्फ पडला. लॉजपोलचा पानोरा दाट, त्यात बर्फ अडकला आणि चार झाडं कलंडली ती उठलीच नाहीत. उरलेल्यांतल्या कित्येकांना बुडाशी तलवारीसारखा बाक आला. किनाऱ्याकडच्या बियाण्याचा लॉजपोल लहानपणी इतका भराभर वाढतो की मुळं धरायच्या आत शेंडा वारा झेलायला लागतो. हा बाक त्याचाच. पुढे लाल पट्टे दिसू लागले. आज त्या ओळीत नऊ झाडं उभी आहेत आणि त्यांतली दोन-तीनच पाहण्यासारखी. स्कॉट्स पाइनची अठरा आहेत. एकाची साल हरणाने शिंगं घासून काढली, दुसरं का वाळलं ते मला समजलं नाही. चाळीस झाडांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण लॉजपोलच्या त्या ओळीतून चालताना मला आपली मुलं दिसतात. ज्या झाडाला आजीचं नाव दिलं ते पंधराव्या वर्षी लाल पडलेलं त्यांना दाखवायचं, हे मला नको आहे.

“म्हणजे बाहेरचं ते वाईट, असंच ना?” असं कुणी विचारेल. आपण सगळेच इथे बाहेरून आलेले, तेव्हा हा प्रश्न टोचणारच. माझं म्हणणं तसं मुळीच नाही. आपण बऱ्याच जणांनी फॉरेसजवळचं कल्बिनचं रान पाहिलं आहे, समुद्रालगतचं. सतराव्या शतकाच्या शेवटी, १६९४ साली, तिथली जहागीर वाळूच्या वादळात गाडली गेली. पुढे दोन शतकं ती वाळू सरकतच होती. गेल्या शतकात वनखात्याने वाळूवर फांद्यांचे भारे अंथरले आणि पाइन लावले. स्कॉट्स पाइन होताच, पण कॉर्सिकन पाइननेही तिथे मोठं काम केलं. मी दापोली तालुक्यातली. किनाऱ्यावरची सुरूची बनं मी लहानपणापासून पाहिली आहेत. सुरूही बाहेरचाच, पण वाळू धरायला आणि चुलीला त्यानेच साथ दिली. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा भाऊ फोनवर सांगत होता, सुरू पडले, पण पोफळीही आडव्या झाल्या, माडही गेले. जे गावचं ते पडत नाही, असा नियम काढता येत नाही. कोणतं झाड कोणत्या जागी आणि कशासाठी लावायचं, एवढंच पाहायचं असतं. वाळू थांबवायची असती, पंचवीस-तीस वर्षांत लाकूड काढायचं असतं, तर मी वेगळा सल्ला दिला असता. आपल्याला यातलं काहीच करायचं नाही. आपल्याला नातवंडांनी येऊन पाहावं असं रान हवं आहे.

आता एक बारीक पण नाजूक गोष्ट. “ठीक आहे, स्कॉट्स पाइन लावू” एवढं ठरवूनही काम भागत नाही. स्कॉट्स पाइन हा जगात सर्वांत दूरवर पसरलेला पाइन आहे, स्पेनपासून पूर्व सायबेरियापर्यंत. नाव एकच, पण स्पेनमधल्या बियाण्याला स्ट्रॅथस्पेचा हिवाळा माहीत नाही. स्कॉटलंडच्या आतसुद्धा फरक आहे. पश्चिमेला लॉक मरी या सरोवराच्या बाजूला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी. पश्चिमेकडच्या पाइनच्या राळेतली रसायनंही वेगळी निघाली आहेत. म्हणून मूळच्या पाइनवनांसाठी देशाचे सात बीज-पट्टे केलेले आहेत आणि ज्या पट्ट्यात लावायचं त्याच पट्ट्यातलं बी घ्यायचं, अशी इथली रीत आहे. घाटावरचं आणि कोकणातलं भाताचं बी वेगळं का, हे आपल्या आजोबांना सांगावं लागलं नसतं. हेही तसंच. रोपं विकत घेताना पुरवठादाराकडून बियाण्याच्या मुळाचं प्रमाणपत्र मागायचं, त्यावर पट्टा लिहिलेला असतो. तो आपला नसेल तर “नेटिव्ह” अशी पाटी लावलेली असली तरी ती रोपं घ्यायची नाहीत. यात मी मदत करीन, कागद वाचून देईन. आमच्याच रोपवाटिकेतून घ्या असं मी म्हणत नाही. तो संशय नको म्हणून हे आधीच सांगून टाकते.

आणि जागेच्या खालच्या कोपऱ्याबद्दल. तिथे गमबूट रुततात ते आठवतंय ना? ते पीट आहे. तिथे स्कॉट्स पाइन नीट वाढणार नाही, म्हणून ‘निदान तिथे तरी लॉजपोल लावू’ अशी सूचना येणार हे मला दिसतं आहे. कृपा करून ती जागा तशीच राहू द्या. उत्तरेला केथनेस-सदरलँडमध्ये फ्लो कंट्री नावाचा पीटचा मोठा प्रदेश आहे. तिथे १९८०च्या दशकात करसवलतीसाठी पीट नांगरून हजारो हेक्टरवर लॉजपोल आणि स्प्रूस लावले गेले. १९८८ साली ती सवलत बंद झाली. आता तीच झाडं पैसे खर्चून तोडली जात आहेत, चर बुजवले जात आहेत, कारण लॉजपोलच्या मुळांनी पीट सुकतं, भेगाळतं आणि त्यात हजारो वर्षं साठलेला कार्बन हवेत जातो. २०२४ साली युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपला कोपरा दहा गुंठ्यांचा असेल, पण तिथलं शेवाळही कार्बन धरून ठेवायचं तेच काम करतं. तिथे मुलांना बेडूक दाखवू.

मग माझी मागणी काय? पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा घ्यावा. बाराशेपैकी साधारण आठशे स्कॉट्स पाइन, आपल्याच पट्ट्यातल्या बियाण्याचे. बाकीचे बर्च, रोवन आणि थोडा जुनिपर. लॉजपोलच्या मोठ्या रोपांसाठी जो पैसा काढून ठेवला आहे तो कुंपणात घालावा. लहान रोपं स्वस्त असतात आणि मुळंही लवकर धरतात. पण कुंपण नसेल तर पहिल्याच हिवाळ्यात हरणं शेंडे खुडून टाकतील. जुनी पाइनवनं म्हातारी होत गेली ती मुख्यतः हरणं आणि मेंढ्यांमुळे. झाडांना बी येतं, बी रुजतं, पण रोप गुडघ्याच्या वर जातच नाही. ग्लेन अफ्रिकमध्ये कुंपण घातल्यावर जुन्या झाडांच्या पायाशी आपोआप उगवलेली तरुण पाइनं आज पाहायला मिळतात. कुंपणाच्या तारांवर लाकडी पट्ट्या मात्र बांधायच्या. कॅपरकेली ही मोठी रानकोंबडी पहाटे खालून उडते आणि तिला तारा दिसत नाहीत. ती इथे आधीच फार थोडी उरली आहे.

आता काका, तुमच्याकडे येते. तुम्हाला या जन्मात झाड बघायचं आहे. स्कॉट्स पाइन दरवर्षी खोडाभोवती फांद्यांचं एकच कडं सोडतो. पुढच्या वर्षी किती उंच व्हायचं हे तो या वर्षीच्या उन्हाळ्यात शेंड्यावरच्या कळीत साठवून ठेवतो. म्हणून हिवाळ्यात जाऊन कळी चाचपली की पुढच्या वसंताचा अंदाज येतो. कडी मोजली की वय कळतं. लॉजपोल एका वर्षात दोन-दोन कडी काढतो, त्याचं वय असं बोटांवर मोजता येत नाही. तुमच्या नातीला मी हे मोजायला शिकवीन. तुम्ही ऐंशीचे व्हाल तेव्हा झाडावर दोन कडी असतील आणि ती तुमच्या कमरेच्याही खाली असेल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण तोवर सावली हवी असेल तर आपल्याच उतारावर, वरच्या बाजूला, दगडी बांधाजवळ एक जुना पाइन उभा आहे. वरच्या निम्म्या खोडाची साल नारिंगी, संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारखी दिसते. त्याचंच बी आपल्या उतारावर पडत असणार; कुंपण झालं की त्यातली काही रोपं आपण न लावताच येतील.

येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी त्या झाडापाशी असेन. गाडी फाटकापर्यंत येते, पुढे दहा मिनिटांची चढण आहे, काकांसाठी मी घडीची खुर्ची वर नेऊन ठेवते. येताना गमबूट आणा आणि ज्यांना जमेल त्यांनी मुलांना आणा. थर्मासमध्ये चहा माझ्याकडे. आधी माझ्या त्या दोन ओळी पाहायच्या असतील त्यांनी नऊ वाजता रोपवाटिकेच्या मागच्या फाटकाशी यावं, कुलूप काढून ठेवते.

तुमचीच,
रोपवाटिकेतली दापोलीकर